चारातलं एकही नाव

सोमवार, २ जून

'बोला की'चा अकरावा भाग गुरुवारी गेला. फोन एकच आला. त्या बाईंना पेठेत पाणी कधी सुटणार ते विचारायचं होतं. मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं आणि माफी मागितली.

मार्चपासून दर गुरुवारी अकरा ते साडेअकरा मी मनाच्या आजारांवर आणि आत्महत्या टाळण्यावर बोलतोय. आमचं रेडिओ केंद्र कॉलेजच्या आवारातल्या दोन खोल्यांत आहे. आवाज जेमतेम कागलच्या अलीकडपर्यंत पोचतो. डॉ. शिवानी या मानसोपचारतज्ज्ञ. त्या दर मंगळवारी येऊन ध्वनिमुद्रण करून जातात. त्यांनी दिलेला कागद मी माइकसमोर चिकटवलाय. कसं केलं ते सांगायचं नाही. कुठे केलं ते सांगायचं नाही. एकच एक कारण द्यायचं नाही. गेलेल्याला मोठा करायचा नाही. काळजी वाटली तर आडवळणाने न विचारता सरळ विचारायचं.

मी प्रत्येक भाग नंतर ऐकतो आणि चुका टिपतो. गुरुवारी मी 'सुटका' हा शब्द दोनदा वापरला. मरण म्हणजे सुटका, असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचं समाधान मानावं का, हे ठरवता येत नाही, कारण बहुधा कुणी ऐकतच नव्हतं.

केंद्रप्रमुख विजयसिंह सर म्हणाले, "प्रसेन, सकाळच्या वेळेला जरा हलकंफुलकं ठेवता आलं तर बघ." त्यांचं अगदीच चूक नाही.

आक्काचं म्हणणं वेगळं. आक्का बासष्ट वर्षांची. अकरा वर्षांपूर्वी जात्यावरच्या ओव्या गायला म्हणून केंद्रात आली ती गेलीच नाही. आता स्वयंपाकाचा कार्यक्रम करते आणि सगळं टपाल तीच बघते. मी हेल्पलाइनचा नंबर एक-चार-चार-एक-सहा असा सावकाश, दोनदा वाचतो. ती म्हणाली, "असं कोण ध्यानात ठेवणार हाय? चौदा चारशे सोळा म्हण की. ट्रॅक्टरचा नंबर सांगतंय बग माणूस, तसं."

पुढच्या वेळी तसं म्हणेन. अकरा आठवडे हे मला का सुचलं नाही?

शनिवार, ७ जून

उद्याच्या फर्माईशीची तयारी केली. रविवारी दहाचा हा कार्यक्रम खरं तर कुणाच्या वाटणीला नव्हता, म्हणून माझ्याकडे आला. गाण्याला दोन मिनिटं आणि नावांना चार, अशी त्याची रीत. बहुतेक फर्माईशी आता मोबाईलवर येतात. पोस्टकार्डं सहा-सात. आक्काचा नियम कडक: वाचलेल्या प्रत्येक नावावर लाल पेनाने खूण झालीच पाहिजे, कारण नाव राहिलं की लोक भांडायला येतात. एकदा एकजण बायकोचं नाव राहिलं म्हणून तिलाच घेऊन आला होता, पुरावा म्हणून.

तवनाप्पा मगदुमांचं कार्ड आलं. कागल रस्त्यावरच्या गावात राहतात, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. वय अडुसष्ट. आधी आकाशवाणीला लिहायचे, आमचं केंद्र निघाल्यापासून आम्हाला. दर आठवड्याला तेच अक्षर आणि तीच नावं: तवनाप्पा, राजमती, अनेकांत, आदिती. स्वतः, बायको, बंगळूरला असलेला मुलगा आणि नात. गाणंही ठरलेलं, त्यांच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेलं.

फेब्रुवारीत ते स्वतः केंद्रात आले होते. राजमतीबाई गेल्याचं सांगितलं. मी म्हणालो, मग कार्डात बदल करू. ते म्हणाले, "न्हाय. तेवढ्यासाठीच आलोय. चारातलं एकही नाव गाळायचं न्हाय. मी लिहीन, तुम्ही वाचायचं." मी शब्द दिला. हयात नसलेल्या माणसाचं नाव जिवंत माणसांच्या यादीत वाचणं योग्य की अयोग्य, यावर मी तेव्हा दोन दिवस विचार केला होता. मग वाचत राहिलो. आता कार्ड बघावंही लागत नाही.

या वेळी खाली लिहिलंय, 'गाणे कोणतेही चालेल.' बरं झालं. ते जुनं गाणं शोधून, खरखर काढून लावण्यात दर आठवड्याला अर्धा तास जातो.

मंगळवार, १० जून

तेराव्या भागाचं ध्वनिमुद्रण. विषय: घरच्यांनी काय ओळखावं. डॉक्टरांनी चांगलं समजावलं. आवडीच्या गोष्टीतला रस जाणं. झोप मोडणं. जवळच्या वस्तू देऊन टाकणं. निरवानिरव केल्यासारखं वागणं, आणि मग एकाएकी शांत दिसणं. 'निरवानिरव' हा शब्द मला आवडला, तो मी प्रास्ताविकात घेतला. माझा श्वास ऐकू येत होता म्हणून प्रास्ताविक तीनदा केलं.

जाताना डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही झोपता ना नीट?"

मी हो म्हणालो. चारला जाग येते, पण चार म्हणजे सकाळच. ही डायरीही त्याच वेळात होते. नाहीतर कधी लिहिणार?

मागच्या भागापासून शेवटी 'निवेदन प्रसेनजीत' म्हणणं बंद केलंय. त्या वेळात हेल्पलाइनचा नंबर आणखी एकदा बसतो. तसंही कार्यक्रम माझ्याबद्दल नाही.

गुरुवार, १९ जून

आक्का आज म्हणाली, "शेवटाला तुझं नाव का सांगत न्हाईस रं?"

मी सेकंदांचा हिशेब सांगितला.

"सहा सेकंदात काय राज्य जाणार हाय व्हय? डबा खाल्लास?"

खाल्ला म्हणालो. डबा कॉलेजच्या शिपायाला दिला होता. म्हणजे खोटं बोललो. एवढ्यासाठी खोटं का बोलावं लागलं, ते कळत नाही.

फोन: शून्य. मोबाईलवर एक संदेश, 'आवाज छान आहे सर.'

मंगळवार, १ जुलै

आज तवनाप्पा आले. पांढरा सदरा, टोपी, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं गाठोडं. ते जय जिनेंद्र म्हणाले, मी जय भीम म्हणालो. टॉवेल सोडला तर आत त्यांचा रेडिओ. चामडी आवरणाचा, चारही कोपरे शिवलेले. सोबत एक जाड वही. त्यात एकोणीसशे ब्याऐंशीपासूनची प्रत्येक फर्माईश तारखेवार, लागली की नाही, पूर्ण लागली की अर्धवट, निवेदक कोण. वजनकाट्यावरच्या माणसाचं काम.

"हे ठेवून घ्या," ते म्हणाले. "केंद्रात राहू दे. घरात पडून काय व्हायचं?"

आक्का म्हणाली, "आणि तुम्ही काय ऐकणार? शेजारणीची भांडणं?"

"ऐकलं की लई. आता कान भरलं."

"मग गाणं कुठलंबी चालंल लिहितासा ते त्यापायी व्हय? मला वाटलं, माणूस सुधारलं." आक्का हसली, तेही हसले. फेब्रुवारीपेक्षा पुष्कळ सावरलेले वाटले. अगदी शांत. चहा नको म्हणाले. निघताना दोन्ही हात जोडून मला म्हणाले, "तुमचा लई आधार झाला, सर."

अशी दाद क्वचित मिळते. दिवस बरा गेला. विजयसिंह सरांना वही दाखवली, त्यांनी लगेच फोटो काढले. दारातल्या फळीवर रेडिओ ठेवून खाली चिठ्ठी लावायचं ठरलं. 'एका निष्ठावंत श्रोत्याची भेट.' मजकूर मी लिहिला.

रविवार, ६ जुलै

फर्माईशीत तवनाप्पांचे जाहीर आभार मानले. गाणं हाताला लागेल ते लावलं.

शुक्रवार, ११ जुलै

माझी बायको अक्षता गगनबावड्याच्या शाळेवर शिक्षिका आहे. सोमवार ते शनिवार तिथेच खोली घेऊन राहते. एरवी रविवारी ती येते, पण शाळेचं काही काम निघालंय म्हणून या आठवड्यात मी जायचं ठरलं होतं. आज फोनवर सांगितलं की घाटात पाऊस फार आहे, रस्त्याचं काही खरं नाही. रस्ता चालू आहे. मी सकाळीच स्टँडवर चौकशी केली होती. मग का नाही म्हणालो? एसटीत दोन तास बसायचं आणि पोचल्यावर बोलायचं, एवढंच तर होतं.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"जेवलो."

"आवाज असा काय येतोय?"

"रेंज नाही."

सोमवार, १४ जुलै

कालचं सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो. मला ते सोयीने आठवू नये.

दहाला फर्माईश सुरू केली. मोबाईलवरची नावं झाली, मग कार्डं. तवनाप्पांचं कार्ड हातात होतं, पण डोळे घड्याळाकडे. "तवनाप्पा, राजमती, अनेकांत, आदिती," म्हणालो आणि गाणं सोडलं. पावणेअकराला बाहेर येऊन चहा घेत होतो, तेव्हा आक्का लाल पेन आणि कार्ड घेऊन आली.

"प्रसेन, ह्यात तवनाप्पा कुठं हाय?"

"काय?"

"नाव. तीनच नावं हाईत. राजमती, अनेकांत, आदिती. तू चार वाचलास. मी खूण कशावर करू?"

मी कार्ड घेतलं. तेच अक्षर, तीच सरळ ओळ. सुरुवातीलाच 'राजमती'. खाडाखोड नाही, विसरल्याची खूण नाही. ज्या माणसाने त्रेचाळीस वर्षं तारखेवार वही ठेवली, तो स्वतःचं नाव विसरणार नाही.

चहाचा कप खाली ठेवला तेव्हा समोर दारातल्या फळीवर रेडिओ होता. खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी.

गाणं कोणतंही चालेल. रेडिओ. वही. शांत चेहरा. लई आधार झाला. तेरावा भाग मी स्वतः लिहिला होता. 'निरवानिरव' शब्द मला आवडला होता. आवडला होता!

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आक्का म्हणाली, "गाडी काढ. मी येतो संगं." तिने पदर खोचला आणि मागे बसली. पाऊस होता. तिने छत्री धरली ती उलटी झाली, मग रस्ताभर ती छत्रीला शिव्या घालत होती. एवढं बरं होतं, कारण शिव्या थांबल्या की मला काहीही ऐकू येत नव्हतं. वाटेत एकदाच थांबून डॉ. शिवानींना फोन केला. त्या म्हणाल्या, "पोचा, सरळ विचारा, एकटं सोडू नका. मी फोनजवळ आहे."

घराचं दार उघडं होतं. तवनाप्पा सोप्यात जमिनीवर बसले होते. पुढ्यात किल्ल्या. प्रत्येक किल्लीला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधलेली: कपाट, मागचं दार, बस्तीतली, म्हणजे त्यांच्या मंदिरातली, पेटी. घर इतकं झाडलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा.

त्यांनी वर बघितलं. नमस्कार केला नाही.

"माझं नाव वाचलासा."

"हो."

"मी लिहिलं नव्हतं."

"माहीत आहे. म्हणजे, वाचताना माहीत नव्हतं."

"मग वाचलासा कशाला?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "शेजारच्या पोरीनं मोबाईलवर तुमचं लावलं हुतं. भितीपलीकडनं सगळं ऐकू येतंय. मी हितं दोरं बांधत बसलोतो. म्हटलं, तिघांची नावं कानावर पडली की झालं. आणि तुम्ही पयलंच म्हणालासा, तवनाप्पा. लिहिलेलं वाचायचं तर नीट वाचावं की माणसानं!"

मी म्हणालो, "चुकलं. सवयीने वाचलं."

"काय चुकलं?" आक्का मागून म्हणाली. ओल्या लुगड्यानिशी ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसली. "काय चुकलं न्हाय त्याचं. तुम्हीच सांगून गेलासा की, चारातलं एकही नाव गाळायचं न्हाय. मी तितंच भाजी निवडत बसलोतो. आमी शब्द पाळला. तुम्ही सोताच गाळतासा व्हय?"

ते हातातली किल्ली फिरवत राहिले.

मग आक्काने माझ्याकडे बघितलं. ती गप्प बसली. अकरा वर्षांत ती माझ्यासमोर गप्प बसलेली मला आठवत नाही. पुढचं माझं काम होतं. सतरा भागांत मी लोकांना सांगितलंय की विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, तो आधीच असतो, म्हणून सरळ विचारा. आणि माझ्या तोंडातून आलं, "अप्पा, तुमच्या मनात काही नकारात्मक विचार वगैरे..."

ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी हवामानाचा अंदाज सांगतोय.

थांबलो. आई माझ्याशी ज्या भाषेत बोलायची, ती भाषा मी माइकसमोर कधी वापरत नाही. ती आली.

"अप्पा, जीव द्यायचं डोक्यात हाय काय?"

"व्हय," ते म्हणाले.

एवढं स्पष्ट उत्तर मला कधी कुणी दिलं नव्हतं. नंतर काय करायचं ते पाठ होतं. मग विचारलं, "आजच?"

"तुमचा कार्यक्रम संपला की, असं ठरवलं हुतं. रेडिओ नसला तरी वेळ ठावं हाय की." मग किल्ली खाली ठेवून म्हणाले, "कवाधरनं वाटत हुतं, कोणतरी विचारंल. अनेकांत रोज फोन करतंय. जेवलासा काय, विचारतंय. जेवलो म्हणतो. खोटं न्हाय ते. जेवतोच की मी."

आक्का रडत होती आणि शिव्याही देत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावून दिला. तवनाप्पा पंचवीस मिनिटं बोलले. मी बाहेर जाऊन अनेकांतला फोन केला. तो आधी चिडला, तुम्ही कोण सांगणारे म्हणाला, मग म्हणाला, निघतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही घरातून बाहेर काढून शेजारी ठेवल्या. शेजारची मुलगी चहा घेऊन आली. या वेळी तवनाप्पांनी घेतला. आक्का म्हणाली, ती अनेकांत येईपर्यंत हलणार नाही. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून तिने तांदूळ कुठे आहेत ते विचारलं. ते म्हणाले, "डब्यावर चिठ्ठी हाय बगा."

"चिठ्ठ्या ठेवा तुमच्या तुमच्याजवळ. तोंडानं सांगा, कुठं हाय."

मी पाचला परत आलो. आल्यावर पहिली गोष्ट, फळीवरची माझी चिठ्ठी काढून फाडली. रेडिओ तसाच ठेवला. काय करावं ते सुचलं नाही.

बुधवार, १६ जुलै

अनेकांत रविवारी रात्री पोचला. सोमवारी त्याने वडिलांना डॉ. शिवानींकडे नेलं. औषध सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा जायचं आहे. नात, आदिती, कॉलेजची आहे. ती महिनाभर राहायला आलीय.

सकाळी जाऊन रेडिओ परत दिला. तवनाप्पा अंगणात होते. त्यांनी रेडिओ घेतला, पाठीमागची पट्टी बघितली, सेल बघितले. माझ्याशी फारसं बोलले नाहीत. रागावलेत का? रागवावं असं मी केलंही आहे. आदिती दारापर्यंत आली. म्हणाली, "आजोबा सकाळपासून विचारत होते, ते कधी आणणार म्हणून."

केंद्रावर आलो तर डॉक्टर बसलेल्या. मी त्यांच्यापुढे ते मांडलं जे तीन दिवस डोक्यात फिरतंय. मी माझं काम नीट केलं असतं, कार्ड बघून वाचलं असतं, तर तीनच नावं वाचली असती. म्हणजे माझ्या निष्काळजीपणाने ते थांबले. मग मी दर आठवड्याला जो काटेकोरपणा करतो, त्याचं काय करायचं?

त्या म्हणाल्या, "एकच एक कारण द्यायचं नाही, हे तुमच्या माइकसमोर लिहिलंय ना? मग जगण्यालाही एकच कारण देऊ नका. नाव वाचलं गेलं. आक्कांनी खूण करताना बघितलं. तुम्ही गेलात. विचारलंत. मुलगा आला. अजून पुष्कळ लागणार आहे, आणि अजून सगळं संपलेलं नाही." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही कधी येताय माझ्याकडे? ध्वनिमुद्रणाला नाही."

मी म्हणालो, बघू, हा महिना जाऊ दे.

शुक्रवार, १८ जुलै

विजयसिंह सरांना ही गोष्ट कुठूनतरी कळली. त्यांना यावर खास भाग हवाय. "नाव बदलून करू की, प्रसेन! इतके दिवस तुझ्या कार्यक्रमाला काही हाती लागत नव्हतं, आता लागलंय तर..."

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, लोकांचं भलंच होईल. मी म्हणालो, त्या गावात सगळ्यांना कळेल कोण ते. ते म्हणाले, तू फार ताणतोस. मी आवाज चढवला. नंतर माफी मागितली, आवाजाबद्दल, नाही म्हणाल्याबद्दल नाही.

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही मोह झाला होता. अठरा भाग, आणि सांगण्यासारखं एवढंच. तेही फर्माईशीतून आलं. ज्याची मी तयारी करत नाही, ज्याला मी पाट्या टाकणं म्हणतो, त्यातून.

मंगळवार, २२ जुलै

ध्वनिमुद्रण रद्द करावं लागलं. घसा ठीक होता. वाक्य सुरू करायचो आणि शेवट कुठे आहे ते दिसायचं नाही. डॉक्टर वाट बघत बसल्या, मग उठून गेल्या. गुरुवारी जुना भाग लावीन.

शनिवार, २६ जुलै

आजच्या टपालात तवनाप्पांचं कार्ड. आक्काने ते आधी वाचलं होतं, तरी चष्मा लावून मला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं. ते इथे उतरवून ठेवतो.

'नावे: राजमती, अनेकांत, आदिती, तवनाप्पा. गाणे नेहमीचे. पूर्ण लावावे. मागे दोन वेळा शेवटचे कडवे तोडले आहे, नोंद आहे. माझी वही परत पाठवावी, चालू महिन्याच्या नोंदी कच्च्या कागदावर कराव्या लागत आहेत. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बाकी झोप येते.

ता. क. गुरुवारच्या कार्यक्रमात ५ जूनपासून निवेदकाचे नाव ऐकू येत नाही. मधले दोन भाग रेडिओ आपणाकडे असल्याने ऐकलेले नाहीत, परंतु उरलेल्या सहापैकी पाचांत नाही. परवाच्या भागात आहे, पण तो भाग एप्रिलमधला जुना आहे, नवा नव्हे. नाव आपण गाळले की कोणी गाळावयास सांगितले? खुलासा करावा.'

आक्काने कार्ड टेबलावर ठेवलं. चष्मा काढला.

"कर खुलासा."

मी म्हणालो, सेकंदांचा प्रश्न होता, मी तुला सांगितलंय.

"ते मला सांगितलंस. ह्यास्नी काय लिहिणार?"

मी हसायला गेलो. कार्डावरच्या त्या शेवटच्या दोन शब्दांकडे बघत राहिलो. कारखान्यात उशिरा आलेल्या गाडीवाल्यालाही ते असंच विचारत असतील.

"प्रसेन," आक्का म्हणाली, "तुझ्याबी डोक्यात तसलं काय हाय काय रं?"

तिने अगदी तसंच विचारलं, जसं मी त्या सोप्यात विचारलं होतं. मी उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण खोटं सांगायचं नव्हतं. मरायचं डोक्यात नाही. पण चारला उठून बसतो तेव्हा दिवस सुरू होऊ नये असं वाटतं, आणि जेवणाची चव गेलीय, आणि गगनबावड्याचा रस्ता चालू होता. एवढंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. म्हणजे हाय काहीतरी." आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यासमोर ठेवली. मी खाल्ली. चव लागली असं म्हणणार नाही.

डॉक्टरांना संदेश पाठवला, मंगळवारी ध्वनिमुद्रणाआधी अर्धा तास मिळेल का. त्यांनी 'एक तास' असं उत्तर पाठवलं.

मग आवारातल्या बाकावर बसून अक्षताला फोन केला. तिची शाळा नुकतीच सुटली होती, मागे पोरांचा गोंधळ आणि पत्र्यावर पाऊस.

"जेवलास का?" ती म्हणाली.

"अर्धी भाकरी." मग म्हणालो, "अजून विचार."

पोरांचा आवाज मागे पडला. ती कुठेतरी आडोशाला गेली असावी.

"थांब," ती म्हणाली. "विचारते."